पुण्यातला मुक्काम

“अप्पा, हॉटेलात? मी पुण्यात असताना तुम्ही हॉटेलात उतरणार?”

गिरीशचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. समोरच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ एका डोळ्यावर झाकण धरून भिंतीवरची अक्षरं वाचत होते. त्यांना थांबायची खूण करून मी मागच्या बाजूला गेलो.

“एका रात्रीचा तर प्रश्न आहे. डॉक्टरांचा दवाखाना तिथून जवळ पडतो,” मी म्हणालो.

“वाकडहून तरी किती लांब आहे? मी रजा काढतो, मित्राची गाडी घेऊन येतो. मेघनानं तर तुमच्यासाठी नव्या चादरीसुद्धा...”

“गिरीश,” मी त्याला मधेच तोडलं. “तुझं घर लहान आहे रे. हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचं आमचं वय राहिलं नाही. माझी पाठ धरते. तुझ्या आईला रात्री उठावं लागतं, तर तुमच्या खोलीतून जावं लागतं. अवघडते ती. स्पष्टच सांगतो, तुझ्या घरात आमची सोय होत नाही.”

फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून पाहिला. मग तो म्हणाला, “बरं.”

मी परत आलो तोवर ते गृहस्थ झाकण काढून दोन्ही डोळ्यांनी सगळ्या ओळी घडाघडा वाचत होते. मी त्यांना तसंच वाचू दिलं. हातातली काच सारखी निसटत होती.

गिरीशला जे सांगितलं त्यात पाठीचं तेवढं थोडंफार खरं होतं. बाकी नाही.

उदगीरला माझं चष्म्याचं दुकान. बाजारात मला सगळे ओळखायचे, पण आमच्या गल्लीत मी होतो तो महानंदाचा नवरा. गल्लीतली बाई श्रीशैलला निघो, लेकीच्या बाळंतपणाला निघो, आदल्या दिवशी आमच्या दारात यायची. “अक्का, एवढं ठेवा हो,” म्हणत पाटल्या, बोरमाळ, काय असेल ते महानंदाच्या ओंजळीत ठेवायची. बँकेतल्या लॉकरवर नव्हता एवढा बायकांचा तिच्यावर विश्वास. ती प्रत्येकीचा जिन्नस वेगळ्या फडक्यात बांधायची, गाठ मारायची आणि कुठंतरी ठेवून द्यायची. कुठं, ते मलासुद्धा माहीत नसायचं. बाई परत आली की गाठोडं पुढं करून म्हणायची, “मोजून घ्या हो. सोनं मोजूनच घ्यावं.” बायका हसायच्या आणि न मोजता घेऊन जायच्या.

अशा बाईची पिशवी मी त्या फोनच्या आधीच्या दिवाळीनंतर रिकामी केली. गिरीशकडे आठवडाभर राहून आम्ही नुकतेच परतलो होतो. धुण्याचे कपडे काढता काढता तळाशी काहीतरी टोचलं. गिरीशचं मनगटी घड्याळ. त्याच्या शेजाऱ्याच्या किल्ल्यांचा जुडगा. टीव्हीच्या रिमोटमधली बॅटरी. आणि एका हातरुमालाच्या गाठीत मेघनाचे सोन्याचे झुबे. तिच्या आईचे होते ते. आई गेल्यावर तिच्याकडे आलेली तेवढीच एक वस्तू. ती दर सणाला घालायची म्हणून मी ते ओळखले.

“महानंदा, हे काय?”

ती तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं. “असू द्या. जपून ठेवलंय.”

“अगं, पण हे मेघनाचे आहेत!”

“तेच म्हणते मी. असू द्या.” आणि मी रुमालाला हात लावला तशी ती एकदम चिडली. एवढ्या वर्षांत तिनं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. ताट उलटून तांदूळ घरभर झाले.

मी ते झुबे दुकानात नेऊन जुन्या फ्रेमांच्या खणात ठेवले. कसे परत करायचे, कळेना. पार्सल करावं तर सोबत काय लिहायचं? हातात द्यावे तर काय सांगायचं? तुझ्या सासूनं चोरले, हे सुनेला सांगायचं? मग पुढं अजून काही काही सापडत गेलं. देवळातली घंटी, दूधवाल्याचं माप. मी गुपचूप नेऊन ठेवत होतो. लातूरच्या डॉक्टरांनी पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांनी सगळं तपासून मला एकट्याला आत बोलावलं आणि समजावलं, की हा आजार आहे, वाढत जाणार, यात महानंदाची काही चूक नाही. “याला चोरी समजू नका. आणि घरच्यांना सांगा. एकट्यानं पेलणारं काम नाही हे.”

मी मान हलवली आणि कुणालाही सांगितलं नाही. गिरीशला म्हटलं, आईला चक्कर येते, त्याची औषधं चालू आहेत.

दर काही महिन्यांनी पुण्याला दाखवायला यायचं होतं. उतरायचं कुठं, हा मोठाच प्रश्न होता. फ्रेमा आणायला यायचो तेव्हा मी मंडईजवळच्या एका लॉजवर उतरायचो. पण तिथले मालक मला नावानं ओळखायचे, खोलीवर येऊन गप्पा मारत बसायचे. आमच्या समाजाचं यात्री निवास होतं, तिथं तर अर्धं उदगीर भेटलं असतं. नातेवाईक होते, पण ज्या कारणासाठी मुलाचं घर टाळायचं त्याच कारणासाठी त्यांचंही टाळायला हवं होतं.

मग मला ते चेनचं हॉटेल आठवलं. एकदा हैदराबादला भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा लग्नघरच्यांनी आम्हाला अशाच एका हॉटेलात उतरवलं होतं. देशभर शाखा, सगळीकडे तीच पाटी, त्याच खोल्या. काउंटरवरचा मुलगा हसून नमस्कार करतो आणि पाठ वळताच आपल्याला विसरून जातो. मला नेमकं तेच हवं होतं. शिवाय हैदराबादला महानंदा त्या खोलीत शांत राहिली होती. पुण्याच्या शाखेत पाऊल टाकलं आणि ती म्हणाली, “आपलीच खोली की ही.” पलंग तसाच, पडदा तसाच, दिव्याचं बटण हाताला तिथंच लागलं. न्हाणीघर कुठं आहे हे तिला सांगावं लागलं नाही.

आणि तिथं तिनं काही उचललं तरी बिघडत नव्हतं. साबणाच्या वड्या, शांपूच्या इवल्या बाटल्या, चहाच्या पुड्या, सगळं पाहुण्यांनी न्यावं म्हणूनच ठेवलेलं. ती एकेक उचलून पदराआड करायची, रुमालात बांधायची, आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचो. पहिल्या दिवशी तर मीच फोन करून अजून साबण मागवले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं हललं.

गिरीश संध्याकाळी ऑफिसातून परस्पर हॉटेलवर यायचा. मेघनानं दिलेला डबा उघडायचा, आईला भरवल्यासारखं वाढायचा. मेघना मात्र कधी आली नाही.

“मेघना नाही आली?” मी विचारायचो.

“शाळेत काम असतं तिला,” तो म्हणायचा आणि विषय बदलायचा. मेघना वाकडच्याच एका शाळेत गणित शिकवायची. पण संध्याकाळी कसली शाळा? मी मनाशी धरून चाललो होतो, की तिला झुब्यांचं कळलंय आणि म्हणून ती येत नाही. प्रत्येक खेपेला ते झुबे मी खिशात घालून आणायचो, आणि प्रत्येक खेपेला तसेच परत न्यायचो.

गिरीश खोलीत बसला की उगाच इकडंतिकडं बघायचा. एकदा त्यानं उठून भिंतीला हात लावला, पावलांनी खोली मोजल्यासारखी केली. “बरी मोठी आहे खोली,” म्हणाला. मला तेव्हा काही उमगलं नाही.

असं वर्ष होत आलं. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही पुन्हा आलो. सकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये नाश्ता असायचा. मी महानंदाला खुर्चीत बसवून तिच्यासाठी उपमा घेत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“अरे, हालगे! तुम्ही इथं?”

उदगीरचे बिराजदार. कापडाचे मोठे व्यापारी, माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर त्यांची पेढी. सोबत त्यांच्या पत्नी, भरजरी साडी नेसून तयार. काढीव मुहूर्तावर पुतण्याचं लग्न होतं पुण्यात, मुलीकडच्यांनी सगळं वऱ्हाड या हॉटेलात उतरवलं होतं. जिथं आपल्याला ओळखणारं कुणी भेटू नये म्हणून मी आलो होतो, तिथं ते माझ्यासमोर प्लेट घेऊन उभे होते.

ते आमच्याच टेबलावर बसले. वहिनी महानंदाशेजारी. “कशा आहात अक्का?” त्यांनी विचारलं. महानंदा छान हसली. “बरी आहे की. तुम्ही कुठं निघालात?” दोन वाक्यांत तिचा आजार कळत नसे.

“हालगे, गिरीश पुण्यातच असतो ना?” बिराजदारांनी इडलीचा तुकडा मोडला. “मग हॉटेलात कसं काय?”

“त्याचं घर जरा...” मी म्हणालो. “दोघं नोकरीवाली. सुनेला सकाळी लवकर शाळा असते. कशाला तिला त्रास?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग महानंदाकडे. “म्हणजे सून ठेवून घेत नाही म्हणा की.”

मला तिथंच नाही म्हणता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग का? मी प्लेटमध्ये बघत एक उसासा टाकला.

“सांगू नका काही,” वहिनी म्हणाल्या. “घरोघरी हेच चाललंय. पण आमच्या अक्कांसारख्या देवमाणसाला हॉटेलात राहायची पाळी आणायची म्हणजे...” त्यांनी महानंदाचा हात हातात घेतला. बिराजदार हळहळले. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. दोन माणसं माझी कीव करत होती आणि खरं कारण झाकलं गेलं होतं. मेघनाचं नाव आता उदगीरच्या बाजारात कसं घेतलं जाईल, हे मला दिसत होतं. तरी मी चहाचा घोट घेतला.

चहा संपवून मी महानंदाला खोलीत घेऊन आलो. थोड्या वेळानं दार वाजलं. उघडलं तर समोर मेघना. हातात डबा, कपाळावर घाम.

“ये ना. गिरीश?”

“तो ऑफिसला गेला. त्याला न सांगता आलेय मी, अप्पा. मला तुमच्याशी बोलायचं होतं.” तिचा चेहरा उतरलेला होता. “खाली उदगीरचं कुणी उतरलंय का? मी काउंटरवर तुमच्या खोलीचा नंबर विचारत होते. एका बाईंनी नाव ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, हालगेंची सून का तुम्ही? सासू-सासऱ्यांना हॉटेलात ठेवून आता बघायला आलात का?”

मी दारातून बाजूला झालो.

“मी तशीच वर आले. त्यांचंच तिथं काहीतरी चाललं होतं. त्यांचा बटवा हरवलाय. नवऱ्या मुलाची अंगठी होती म्हणे त्यात.”

आम्ही दोघांनी एकाच वेळी महानंदाकडे बघितलं. ती पलंगावर बसून रुमालाला गाठ मारत होती. जांभळ्या रेशमाचं टोक रुमालातून बाहेर डोकावत होतं.

मेघनानं डबा टेबलावर ठेवला. जाऊन सासूजवळ बसली. मी दाराला कडी लावली. म्हणालो, “मेघना, तू इथंच थांब. मी खाली जातो. नाश्त्याच्या हॉलमध्ये कोपऱ्यात टाकून येतो. सापडेल कुणाला तरी. कुणाला काही कळायचं नाही.”

“अप्पा, खाली त्या टेबलं पुसणाऱ्या ताई आहेत ना, त्यांना उभं केलंय मॅनेजरसमोर. खिसे उलटे करायला लावलेत त्यांना. ताई रडतायत.”

“सापडला की सोडतील तिला.”

“सापडला तरी लोक म्हणतील, घाबरून टाकून दिला.”

मी खुर्चीत बसलो. मग ती हळू म्हणाली, “मला माहीत आहे, अप्पा. दिवाळीत आईंनी माझे झुबे घेतले तेव्हा मी दारातच होते. त्यांनीही मला बघितलं. एकदम घाबरल्या. मला काय करावं सुचेना. मी मागं फिरले, स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत बसले, की त्यांना वाटावं मी काही पाहिलंच नाही. नंतर तुम्ही यायचं बंद केलंत. मला वाटलं, मी बघितलं म्हणूनच. त्यांना माझ्यासमोर यायची लाज वाटते म्हणून. म्हणून मी इथंही यायचे नाही.”

“गिरीशला?”

“नाही सांगितलं. आईबद्दल असं कसं सांगू त्याला?” ती थांबली. “तेच बोलायला आले होते. अप्पा, आम्ही घर बदललं.”

“कधी?”

“उन्हाळ्यात. मोशीच्या पुढं. गिरीश म्हणाला, अप्पांनी स्पष्ट सांगितलंय, सोय होत नाही म्हणून. दोन बेडरूमचं घर तिकडंच परवडत होतं. एक खोली तुमची केलीय. तुमच्या पाठीसाठी कडक गादी करून घेतली त्यानं. आईंसाठी न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. दसऱ्याला तुम्हाला न सांगता घेऊन जायचं ठरवलंय. रोज जाता-येता त्याचे चार तास बसमध्ये जातात. पण खोली बघून येतो आणि खूश असतो. मला ते बघवत नाही. तुम्ही तरी त्याला सांगा, तुम्ही यायचं थांबलात ते घर लहान होतं म्हणून नव्हे. मला माहीत असून मी गप्प बसले. आता कुठल्या तोंडानं सांगू?”

“आणि तुझी शाळा?”

“तिथून जमेना. सोडली. आता घराजवळ एका बालवाडीत जाते.” मग घाईघाईनं म्हणाली, “तीही बरी आहे.”

मी खिशातून झुबे काढून तिच्या हातात ठेवले. तिनं ते बघितले आणि मूठ मिटली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. महानंदानं आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं. “रडू नको गं,” म्हणाली. “आहे सगळं. कुठं जात नाही.”

मी उठलो. “चल, महानंदा. खाली जायचंय.”

लिफ्टमधून आम्ही तिघं खाली आलो. काउंटरपाशी घोळका होता. ती टेबलं पुसणारी बाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या एप्रनचे खिसे उलटे होऊन लोंबत होते. मॅनेजर बिचारा हळू आवाजात सगळ्यांना शांत करत होता, कॅमेरे बघायला माणूस येतोय म्हणत होता. बिराजदार वहिनी घामानं डबडबल्या होत्या. मुहूर्ताची वेळ जवळ आली होती.

“वहिनी,” मी म्हणालो, “तुमचा बटवा आमच्याकडे आहे.”

सगळे वळले. महानंदाच्या हातातलं गाठोडं मी घ्यायला गेलो तर तिनं ते घट्ट धरलं. मी तसाच बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. “महानंदाला मेंदूचा आजार आहे. तिच्या हातून वस्तू उचलल्या जातात. तिला कळत नाही. मला माहीत होतं आणि मी सगळ्यांपासून लपवलं. त्यासाठीच हॉटेलात राहतो. ही माझी सून. हिनं आम्हाला कधी नको म्हटलं नाही. सकाळी तुम्ही जे समजलात ते मी समजू दिलं.”

बिराजदारांनी नजर खाली वळवली. मॅनेजरनं त्या बाईला काहीतरी सांगितलं. ती खिसे आत ढकलत, आमच्याकडे न बघता निघून गेली. तिची माफी मागायला हवी होती. तेवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मेघना तिच्यामागं गेली.

वहिनींनी हात पुढं केला. महानंदानं त्यांच्याकडे निरखून बघितलं, ओळख पटल्यासारखं हसली आणि स्वतःहून गाठ सोडून बटवा त्यांच्या हातावर ठेवला. वहिनींनी घाईघाईनं बटव्याची नाडी ओढली, अंगठी बाहेर काढली, पाहिली, आत ठेवली, नोटा चाळल्या. तिथं, आमच्यासमोर. मी दुसरीकडं बघायला लागलो.

“मोजून घ्या हो,” महानंदा म्हणाली. अगदी आमच्या दारात उभी राहून म्हणायची तशी. “सोनं मोजूनच घ्यावं. आणि यात्रा नीट झाली ना?”

वहिनींचा हात बटव्यातच थांबला. त्यांच्या बांगड्या महानंदाकडे कितीदा राहिल्या होत्या, ते त्यांनाही आठवलं असावं. “झाली, अक्का,” त्या कशाबशा म्हणाल्या. “नीट झाली.”

मला मात्र तेव्हा पहिल्यांदा कळलं. झुबे, किल्ल्या, घड्याळ. ती उचलत नव्हती, सांभाळत होती. माणसं गावाला निघालीत आणि तिच्या भरवशावर सोडून चाललीत, असं तिच्या मनात काहीतरी होतं. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जपून ठेवलंय. मी ते शब्द ऐकले आणि तिला चोर समजलो. डॉक्टरांनी सांगूनसुद्धा, वर्षभर, मनातून समजत आलो.

आम्ही लगेच हॉटेल सोडलं. मेघनानं रिक्षा केली. मोशी ओलांडून रिक्षा पुढं जात राहिली, दोन्ही बाजूंनी मोकळी रानं लागली, आणि आता येईल, मग येईल म्हणता म्हणता रस्ता संपेना. मी प्रत्येक वळणाला गिरीशचे बसमधले तास मनात मोजत होतो.

संध्याकाळी तो आला. दारात आमच्या चपला बघून धावतच आत आला. “अप्पा! आई! मेघना, तू सांगितलंस ना? राहवलं नाही ना?” तो हसत होता. बूटसुद्धा न काढता त्यानं मला खोलीत नेलं, गादीवर हातानं दाबून दाखवलं. “आता पाठीचं नाव काढायचं नाही, अप्पा. आणि हे बघा, आईला रात्री उठायचं झालं तर इथूनच दार.”

मी गादीवर बसलो. “गिरीश, बस,” म्हणालो.

मी सगळं सांगितलं. झुब्यांपासून सकाळच्या लॉबीपर्यंत. तो बूट घातलेल्या पायांकडे बघत ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं दाराकडे मान वळवली. मेघना तिथं उभी होती.

“तुला माहीत होतं?”

“झुब्यांचं माहीत होतं,” ती म्हणाली.

त्यानं वाकून बूट काढले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “म्हणजे घर पुरत होतं.”

“पुरत होतं,” मी म्हणालो.

तो उठून आईजवळ गेला. महानंदा खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. तिच्या पायांशी तो खाली बसला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. कोण रडतंय हे तिला कळलं की नाही, सांगता येत नाही.

उदगीरचं दुकान मी भाच्याकडे सोपवलं. महानंदा त्या खोलीत चार वर्षं राहिली. गिरीशनं शेजारच्या सगळ्या घरांत जाऊन स्वतः सांगितलं, आई तुमची वस्तू घेऊन आली तर समजा, जपायला घेतली. शेजारणी समजुतीच्या निघाल्या. काहीजणी तर मुद्दाम तिच्या हातात काहीबाही देऊन “अक्का, ठेवा हो,” म्हणायच्या. शेवटी शेवटी ती आम्हा कुणालाच ओळखत नव्हती, पण दिलेलं फडकं मुठीत धरून बसायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मेघनाला पुन्हा मोठ्या शाळेत नोकरी मिळाली, पण गणित नाही मिळालं. गिरीशचं ऑफिस पूर्वीच्याच जागी आहे आणि घर इथंच. परत जवळ घर घ्यावं, असं मी एकदोनदा सुचवलं. “राहू द्या, अप्पा, सवय झालीय,” एवढंच तो म्हणाला. त्या संध्याकाळनंतर त्यानं मला एकदाही विचारलं नाही, की मला फोनवर खरं का सांगितलं नाहीत. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हेही मला ठाऊक नाही.

बस लवकर असते म्हणून तो उजाडायच्या आत निघतो. मी त्याच्या आधी उठून चहा टाकतो. ओट्याशी उभ्याउभ्याच तो चहा घेतो, कप विसळून ठेवतो, आणि जातो. मी गॅलरीत उभा राहून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघतो.

एकदा दाराशी थांबून म्हणाला, “अप्पा, एवढ्या लवकर कशाला उठता? चहा मी करून घेईन की.”

“झोप लागत नाही रे,” मी म्हणालो.

हे मात्र खरं होतं.